न झिजणारे अंक

आषाढात हिर्डोशीचे ओहोळ तांबूस होतात. भोरहून नीरा-देवघरच्या पाण्याकाठाने वरंध घाटाकडे निघालं की हिरडस मावळातलं हे गाव लागतं. ओहोळांचा तो रंग सह्याद्रीच्या झिजेचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांतून घडलेला काळा पाषाण इथं कणाकणानं सुटतो, माती होतो, भातखाचरांत येऊन बसतो. टिकणं म्हणजे सावकाश झिजणं, असंच या पावसात वाटत राहतं.

अशाच एका ओल्या संध्याकाळी शेगडीवरची आमटी उतू गेली आणि निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक झाली. तो रंग मिठातल्या सोडियमचा. सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन असतात: आत दोन, मग आठ, बाहेर एकटा एक. ही मांडणी पुंजांकांची, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनची स्थिती सांगणाऱ्या चार अंकांची. पहिला अंक कवच सांगतो, दुसरा इलेक्ट्रॉनच्या मेघाचा आकार, तिसरा त्या आकाराचा अवकाशातला रोख आणि चौथा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा गिरकीसारखा अंगभूत गुण, अधिक अर्धा किंवा उणे अर्धा. एकाच अणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असत नाहीत, हे वोल्फगांग पाउलींनी 1925 मध्ये मांडलं. म्हणून पहिल्या कवचात दोनच मावतात, दुसऱ्यात आठ.

मिठात सोडियमचा तो एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेलेला असतो. ज्योतीत सोडियमला दुसराच कुठला तरी इलेक्ट्रॉन मिळतो, आणि तो नवखा येऊन तेच अंक धारण करतो. उष्णतेनं वर चढतो, उतरताना पिवळा उजेड देतो. वर्णपटात त्या उजेडाच्या दोन रेषा दिसतात, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या, त्या वेगळ्या होतात स्पिनमुळे. सूर्याच्या वर्णपटातही नेमक्या याच जागी दोन काळ्या रेषा आहेत. तिथला सोडियम आणि आमच्या आमटीतला सोडियम यांत केसाचाही फरक नाही.

हे मला अपार वाटतं. जुन्या भौतिकशास्त्राच्या हिशेबानं केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा सांडत सांडत आत कोसळायला हवा होता. अणूनंही झिजायला हवं होतं. पण तसं होत नाही. नील्स बोर यांनी 1913 मध्ये हायड्रोजनच्या कक्षांना 1, 2, 3 असे अंक दिले. एकाच्या खाली पायरीच नाही आणि एक-दोनच्या मध्ये थांबायला जागा नाही. झीज म्हणजे थोडं थोडं कमी होणं, आणि या अंकांना ‘थोडं’ कमी होताच येत नाही.

म्हणून डोंगराची माती होते, मातीचा भात होतो, भाताचा माणूस होतो. आणि या साऱ्या प्रवासात अणू जुना होत नाही, प्रत्येक रूपात नव्यासारखा कामाला येतो. सृष्टीला एवढं बदलणं परवडतं, कारण तिच्या तळाशी हे मोजके अंक अढळ आहेत. पुंजांकांचा अर्थ मला एवढाच आणि एवढा मोठा वाटतो.