दोन म्हणजे दोनच ना?

एका पाणीपुरवठा योजनेच्या नियंत्रण यंत्रणेचा आराखडा मी लिहीत होते. त्यात एक वाक्य होतं: ‘प्रत्येक कंट्रोलरला दोन फीडरमधून वीज मिळेल.’ शेजारी आकृती: दोन चौकोन, दोन रेघा, एकीवर ‘स्टँडबाय’. तीन बैठका झाल्या, कुणी हरकत घेतली नाही.

मग तेच वाक्य अलॉयमध्ये मांडायला बसले. एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांनी घडवलेली ही भाषा. नियम तर्कशास्त्राच्या चिन्हांत लिहायचे. मग प्रत्येक प्रकारच्या तीन-चारच वस्तू घेऊन त्यांच्या शक्य तेवढ्या सगळ्या जुळण्या तपासल्या जातात. मी लिहिलं: प्रत्येक कंट्रोलरसाठी ‘प’ आणि ‘फ’ असे फीडर आहेत आणि दोघंही त्याला वीज देतात. विचारलं, कुठलाही एक फीडर गेला तरी वीज राहील ना? उत्तर आलं, नाही. पडद्यावर एकच फीडर होता. ‘प’ही तोच, ‘फ’ही तोच.

तर्कशास्त्रात दोन अक्षरं म्हणजे दोन वस्तू नव्हेत. त्या वेगळ्या आहेत हे लिहावं लागतं. कागदावर मात्र दोन चौकोन काढले की ते वेगळे दिसतातच. मी ‘प ≠ फ’ लिहिलं. आता फीडर दोन झाले, पण एकाच पॅनेलमधून निघालेले. आमच्या नकाशांतही तसंच होतं. पॅनेल दुसऱ्या शीटवर असल्यानं नजरेत आलं नव्हतं. शेवटी नियम झाला: दोन्ही वाटांवर एकही उपकरण सामायिक नसावं, उपकेंद्रापर्यंत. हे ‘उपकेंद्रापर्यंत’ ठरवायला अख्खा दिवस गेला, आणि माझ्या मते त्या आराखड्यातलं खरं आर्किटेक्चर त्या एका शब्दात आहे.

मोठमोठ्यांच्याही नजरेतून अशा गोष्टी सुटतात. कॉर्ड हा संगणकांना कड्यात जोडून ठेवणारा प्रोटोकॉल २००१ साली मांडला गेला, तो अचूक असल्याचं सिद्ध करता येतं या दाव्यासह. पामेला झेव्ह यांनी त्याची अलॉयमध्ये छोटी प्रतिकृती केली आणि २०१२ साली दाखवून दिलं, की प्रसिद्ध झालेली त्याची एकही आवृत्ती बरोबर नाही. पुढे दुरुस्त आवृत्ती त्यांनीच सिद्धतेसह दिली.

आमचा नियम मी साइटवरच्या फोरमनना मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, “मॅडम, दोन्ही केबली एकाच ट्रेमधून येतात. ट्रे उपकरणात धरलाय का?”

धरला नव्हता. त्या रात्री एक ओळ वाढवली आणि तपासणी पुन्हा सुरुवातीपासून लावली.