कीलबॅकचा शिपाई

कारकुनाला सल्ला विचारू नये. तो सल्ला देत नाही, हिशेब मांडून दाखवतो. आमच्या चिरंजीवांनी ही चूक केली.

चिरंजीव बारावीची परीक्षा झाल्यापासून अंतराळात असतात. जेवायला तेवढे खाली येतात. ‘एलीट डेंजरस’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. हा २०१४ सालचा, पण त्याचा मूळपुरुष १९८४ चा, म्हणजे घराणं जुनं. आपण जहाज घ्यायचं, या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर विकायचा, वाटेत चाचे भेटले तर लढायचं. २०१६ पासून काही जहाजांच्या पोटात फायटर ठेवायची सोय झाली. फायटर म्हणजे लढाऊ पिल्लू. चाचे आले की ते बाहेर सोडायचं. ते त्यांच्याशी झटापट करतं, तोवर आपण माल सांभाळायचा. आमच्या भाषेत शिपाई.

“बाबा, कीलबॅक घेऊ की पायथनसाठी थांबू?”

मी आधी किमती विचारल्या. टाईप-६ नावाची मालगाडी साडेदहा लाखांच्या आसपास. तिच्याच सांगाड्यावर बांधलेलं कीलबॅक एकतीस लाखांच्या वर. पायथन जवळजवळ पावणेसहा कोटी.

“यात फायटर कशात?”

“कीलबॅकमध्ये. पायथनमध्ये बसत नाही.”

मी चष्मा काढून पुसला. ॲनाकोंडाला फायटर आहे, कबूल. ते जहाज कसलं, हेड ऑफिसच आहे. पण पावणेसहा कोटींच्या शाखेला शिपाई नाही आणि एकतीस लाखांच्या टपरीला आहे? “याला काही निकष?” मी कडाडलो. “लहान युनिटला शिपाई परवडतो का? उलाढाल केवढी, आस्थापना खर्च केवढा! फायटरच्या खोलीत किती माल मावला असता?”

“बत्तीस टन.”

“बघ! आणि चालवणार कोण?”

चालवायला पगारी माणूस ठेवायचा. त्याला नफ्यात हिस्सा. तो फायटर उडवो, नाहीतर स्थानकावर पाय पसरून बसो, हिस्सा कापला जातोच. एवढा करार कुठल्या युनियनने पदरात पाडून घेतला, ते कळलं तर मी आजच वर्गणी भरेन.

पण बोलता बोलता माझी जीभ अडखळली. ‘लहान युनिट’, ‘निकष’, ‘आस्थापना खर्च’... ही माझी भाषा नव्हती. आमच्या शाखेतला शिपाई रिटायर झाला आणि ती जागा रद्द केल्याचं पत्र झोनल ऑफिसातून आलं, त्या पत्रातली ही भाषा होती. ते वाचून सबंध दुपार शिव्या देणारा मीच. शाखेत माणसं पाच. तेव्हापासून दाभण घेऊन व्हाउचरं मी शिवतो, चहा मी सांगतो, शटर मॅनेजर आणि मी मिळून ओढतो. मोठ्या शाखेत तीन शिपाई आहेत. त्यातला एक साहेबांच्या दाराशी नुसता उभा असतो.

“बाबा,” चिरंजीव म्हणाले, “पायथन स्वतः लढू शकतं. कीलबॅकला ते जमत नाही. म्हणून त्याला.”

झोनल ऑफिसला हे कुणी सांगावं? (पुढे २०१८ साली पायथनच्याच तोलामोलाचं क्रेट मार्क-टू आलं, त्याला मात्र फायटर दिलं. तिथेही कुणीतरी वशिला लावला असणार.)

कीलबॅक घेतलं. मी उत्साहाने म्हणालो, “फायटर मी चालवणार.” तशी सोय आहे, आपण फायटरमध्ये बसायचं, जहाज पगारी माणसाच्या हवाली. मी एका चाच्याच्या मागे लागलो. काय मजा! मग मागे जाळ दिसला. ते आमचं जहाज होतं.

विमा आहे. किमतीच्या पाच टक्के भरले की जहाज पुन्हा मिळतं. मालाला विमा नाही. चिरंजीव रागावले नाहीत. पाच टक्के भरले, माल भरला आणि मला खुर्चीत बसवलं.

“आता तुम्ही जहाजातच थांबा. फायटर त्याला द्या. आणि तो आत आल्याशिवाय पळू नका. त्याला लांब उडी मारता येत नाही, मागे राहिला की गेला.”

जूनमध्ये स्वतः पुण्याला हॉस्टेलवर जायचा आहे, आणि मला सांगतो.

चाचे आले. मी फायटर सोडलं. पाठीवर गोळ्या बसत होत्या, दिवे लाल झाले, सौ. आतून “अहो, ताटं घेतली” म्हणून दोनदा ओरडली. मी थांबलो. फायटर पोटात शिरल्याचा खट्ट आवाज झाला, तेव्हा उडी मारली.

पुढच्या स्थानकावर माल विकला. पगारी माणसाने आपला हिस्सा कापून घेतला. मी काही बोललो नाही.