पाणफुगवट्यावर

कवडीपाटला गाडीची काच खाली केली आणि वासानं पुन्हा वर करावीशी वाटली. मुळा-मुठेवर पांढरा फेस, फेसात अडकलेल्या पिशव्या, आणि मधोमध चक्रवाकांची जोडी, लग्नाला निघाल्यासारखी नटलेली.

वास ओळखीचा होता. उन्हाळ्यात उजनी आटली की आजीच्या रानावरही हाच येतो. पुण्याचं सांडपाणी भीमेतून शेवटी तिथंच तर जातं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि रान पाण्याखाली गेलं. जलाशयाला नाव मिळालं यशवंतसागर. आजी शेवटपर्यंत एवढंच म्हणायची, ‘आपल्या हिरीवर पानी आलंया.’ काठावर बसून बोट दाखवायची: ती हीर, ती चिंच, त्या बांधावरनं तुझ्या आज्याची भांडणं. बोटाच्या टोकाला मला नुसतं पाणी दिसायचं.

दुपारी भिगवणजवळ, उजनीच्या काठावरचं कुंभारगाव गाठलं, होडी केली. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाऊस दगा देतो त्या वर्षी ‘उजनी मायनसमध्ये’ असे मथळे येतात, सोलापूरकरांच्या तोंडचं पाणी पळतं. पळसदेवचं जुनं मंदिर अशाच वेळी वर येतं. रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, मात्र पाणी उतरलं की फावतं. उथळ चिखलात चोच उलटी धरायची आणि शेवाळ, बारीक जीव गाळत चालायचं. धरण तुडुंब असलं की ते उशिरा येतात.

पलीकडे पट्टकादंब बसले होते. उपग्रहावरून माग काढला तेव्हा यांच्यातला एक ७,००० मीटरहून उंच उडताना नोंदला गेला. हिमालय ओलांडायचा आणि सातबारा नसताना आमच्या ज्वारीच्या रानात उतरायचं! लहानपणी मला याचा खरंच राग यायचा.

आता राग आहे तो शेजारच्या होडीतल्या मोठ्या लेन्सवाल्यांवर. ‘दादा, जरा उडवा ना!’ इंजिन घरघरलं, सगळा थवा उठला, खटाखट फोटो निघाले. दिवसभर पोटासाठी चिखल उपसणारे पक्षी असे किती वेळा उठवायचे?

आमचा होडीवाला काही बोलला नाही. तो रात्री चिलापी धरतो, हिवाळ्यात पर्यटक फिरवतो. मी आजीच्या गावाचं नाव सांगितलं तशी त्यानं होडी वळवली. ‘आमचंबी रान इथंच कुठंतरी,’ म्हणाला. मग बांबू पाण्यात खुपसून बघितला. तळ लागला नाही. दोघंही हसलो. नंतर पोरांच्या शाळेवर आणि डिझेलच्या भावावर बोलत राहिलो, पक्षी राहिलेच.

भिगवणकडे गेलात तर होडीत बसण्याआधीच सांगा: थवा उडवायचा नाही, इंजिन लांबच बंद करायचं. आणि ठरलेले पैसे पुरते द्या. पक्षी उडवले नाहीत तर गिऱ्हाईक नाराज होतं, ही भीती होडीवाल्यांना आपणच घातली आहे.