आरशाची परीक्षा

'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य उत्तरपत्रिकांतून दरवर्षी आमच्यापुढे येते. ते लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा भिंतीवरचा आरसा असतो. आम्हांला अलीकडे दुर्बिणीचा आरसा आठवतो.

पुण्यातल्या आयुकाच्या कार्यशाळांतून हौशी मंडळींनी असे आरसे हातांनी घडवले आहेत. काचेच्या दोन तबकड्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. घासता घासता वरची तबकडी खोलगट होते, खालची फुगीर. मग फूकोने १८५८ साली दिलेली चाचणी: एक दिवा, एक पाते आणि काचेवर उमटणाऱ्या सावल्या. काचेला क्षणभर बोट टेकले, तरी त्या उबेने आलेला उंचवटा सावलीत दिसतो. अॅल्युमिनियमचा चकचकीत मुलामा चढतो तो अगदी शेवटी. आधी आकार, मग चकाकी, हा क्रम शैलीच्या चर्चेतही आम्हांला उपयोगी पडतो.

आयुकाच्या नेतृत्वाखाली घडलेली 'सूट' ही सौरदुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून निघाली आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर स्थिरावली. तिथे हात पोहोचत नाही. म्हणून सारी परीक्षा जमिनीवरच उरकावी लागते.

पण परीक्षेचे साधनच सदोष असेल तर? १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अत्यंत सफाईने घासलेला होता, मात्र चुकीच्या आकारात. तपासणीच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर सरकले होते. इतर उपकरणांनी दोष दाखवला होता. ती कमी अचूक, म्हणून त्यांची साक्ष बाजूला ठेवली गेली.

समीक्षा शिकवणाऱ्यांना हा प्रसंग परका वाटू नये. आपल्यापाशी सिद्धान्त असतात, आदर्श उत्तरे असतात. एखाद्या विद्यार्थिनीचे साधे, सरळ वाचन त्यांच्याशी जुळत नाही, तेव्हा संशय तिच्यावर घ्यावा की आपल्या मापावर? दोन्ही साक्षी एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढेच आम्ही म्हणतो. हबलला डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्त केले. आपल्या वर्गातून तीन वर्षांनी निघून जाणाऱ्यांमागे असे यान पाठवता येत नाही.