उलटा लिहिलेला आकडा

नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड हैदराबादेत आहे. मुलांची शाळा इंग्रजी, शेजार तेलुगू; तेव्हा निदान अंक तरी मराठीत यावेत म्हणून दिवेलागणीनंतर मी धाकटीला संख्या सांगून लिहावयास लावते. एके दिवशी मी ‘सदतीस’ म्हटले आणि तिने ७३ लिहिले. तिसऱ्यांदा तेच झाले, तेव्हा माझा संयम सुटला. “लक्ष कुठे आहे तुझे?” म्हणत मी वही मिटली. तिचे डोळे भरून आले. ती हळूच म्हणाली, “आई, सात तर तूच आधी म्हणालीस ना!”

मी निरुत्तर झाले. शेजारच्या काकू ‘मुप्पै एडु’ म्हणतात. म्हणजे आधी तीस, मग सात. लिहिण्याचा क्रमही तोच. आपण मराठीत मात्र एकक आधी उच्चारतो आणि दशक आधी लिहितो. मुलीने जसे ऐकले तसेच लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच वही उघडली. सहावीतला थोरला डोकावून म्हणाला, “आई, ३७ आणि ७३, दोन्ही मूळ संख्या आहेत!” एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कशानेच नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. मग आम्ही तिघे दोन अंकी मूळ संख्या उलटू लागलो. अशा संख्या एकवीस. त्यांतील ११ उलटूनही तीच राहते. १३ व ३१, १७ व ७१, ३७ व ७३, ७९ व ९७ या चार जोड्या उलटूनही मूळच राहतात. उरलेल्या बारांपैकी अकरांचा पहिला अंक सम किंवा पाच आहे. उलटताच तो शेवटी येतो आणि संख्येला दोनाने अथवा पाचाने भाग जातो. एकटी १९ मात्र निराळ्या कारणाने फसते, कारण ९१ म्हणजे सात गुणिले तेरा.

मूळ संख्या क्रमाने मांडल्या तर ३७ बारावी येते आणि ७३ एकविसावी. बाराचे उलट एकवीस! शिवाय सात त्रिक एकवीस. हे दोन्ही गुण एकत्र असणारी मूळ संख्या ७३ ही एकमेव आहे, असे कार्ल पॉमरन्स व ख्रिस स्पायसर या गणितज्ञांनी २०१९ साली सिद्ध केले. ज्या आकड्यापायी मी मुलीला रडवले, तो हाच!

हे ऐकून ती हसली खरी. पण आदल्या दिवशीचे तिचे अश्रू मला विसरता येत नाहीत. आता ती चुकली की मी आधी विचारते, “तू काय ऐकलेस?” सदतीस लिहिताना ती अजूनही क्षणभर थांबते. मीही थांबते.