शेवटचं गाणं

रात्रीचे अकरा वाजलेत. संगीतकार शुबर्टची ‘विंटररायझ’ ही गीतमाला आज पुन्हा शेवटपर्यंत ऐकली. विल्हेल्म म्यूलरच्या २४ कविता, १८२७ साली व्हिएन्नात स्वरबद्ध केलेल्या. चोविसाव्या गाण्यापाशी मी दर वेळी थांबते.

त्यात गावाबाहेर बर्फात एक म्हातारा अनवाणी उभा आहे, गारठलेल्या बोटांनी वाद्याची मूठ फिरवतोय. पुढ्यातली थाळी रिकामी. पियानोचा डावा हात फक्त दोनच सूर धरून राहतो, षड्ज आणि पंचम. माझ्या कानांना तो तंबोराच वाटतो. एवढ्या थोडक्या सुरांत एवढं एकटेपण!

सतराव्या वर्षी याच शुबर्टने सूत कातणाऱ्या ग्रेट्शेनच्या गाण्यात पियानोवर चरखा फिरवला होता. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते आणि चरखा थांबतो. मग अडखळत पुन्हा सुरू होतो. तिचं मन शब्दांआधी त्या चाकातूनच कळतं. साथ म्हणजे मागे बसून वाजवणं, ही माझी समजूत तिथे मोडली.

सहाशेहून जास्त गाणी, आणि आयुष्य अवघं ३१ वर्षांचं. १८२८च्या नोव्हेंबरात, अंथरुणाला खिळलेला असताना, तो याच गीतमालेच्या उत्तरार्धाची मुद्रितं तपासत होता. म्हणजे तो म्हातारा त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा आला असणार.

दिवा मालवलाय. ते दोन सूर अजून चालूच आहेत.