भाऊच्या धक्क्यावरील आगबोटी

मुंबईच्या माझगाव भागातील भाऊचा धक्का कोकणच्या माणसाला परका नाही. रेवसला किंवा मोऱ्याला जाणाऱ्या लाँची आजही येथूनच सुटतात. कोकण किनाऱ्यावरील आगबोटींची सेवा मात्र इतिहासजमा झाली आहे. ट्रंक, वळकटी आणि पोराबाळांसह चाकरमानी ज्या बोटींनी घरी जात, त्यांपैकी काहींच्या नशिबी युद्धही आले होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल.

1939 साली दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीपाशी अवघ्या आठ युद्धनौका होत्या आणि राखावयाचा किनारा मात्र हजारो मैलांचा. अशा वेळी हाताशी असेल ते घ्यावे लागते. इंग्लंडने 1940 साली डंकर्क येथील सैनिकांना परत आणण्यासाठी खाजगी मोटारबोटीही बोलाविल्या. अमेरिकेने 1942 साली हौशी लोकांच्या बोटी पाणबुड्यांच्या टेहळणीस लाविल्या. आपल्याकडे व्यापारी आगबोटी सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांवर तोफा चढविल्या आणि गस्तीचे काम त्यांजकडे सोपविले.

परंतु तोफ बसविली म्हणून बोटीचे अंग पोलादी होत नाही. ‘पार्वती’ ही अशीच एक बोट 30 एप्रिल 1941 रोजी तांबड्या समुद्रात, आसाब बंदराजवळ, सुरुंगावर आदळून बुडाली. ‘प्रभावती’ची कथा अधिक करुण आहे. जपान नुकताच युद्धात उतरला होता. डिसेंबर 1941 च्या त्या दिवसांत ती अरबी समुद्रात पडाव ओढून नेत होती. दुरून येणाऱ्या ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरला तिची आकृती जपानी पाणबुडीसारखी भासली. क्रूझरच्या तोफा धडाडल्या आणि स्वपक्षाच्याच गोळ्यांनी प्रभावती तळाला गेली.

युद्धात शत्रूचा मारा जितका घातक, तितकेच भयही घातक असते. भ्यालेल्या डोळ्यांना मित्रही वैरी दिसतो. गावात दोन घरांत वितुष्ट येते तेव्हाही बहुधा असेच होते. दुरून पाहून आपण निवाडा करतो आणि जवळ जाऊन हाक मारीत नाही.

वाचकहो, धक्क्यावर लाँचीची वाट पाहताना त्या बोटींवरील खलाशांची क्षणभर आठवण करा. रणांगणासाठी न बांधलेल्या बोटींवर उभे राहून त्यांनी आपला किनारा राखला.